चौथा रकाना

नीलमनगरात पाणी पाचव्या दिवशी येतं.
कधी चौथ्या, कधी सहाव्या,
रात्री दोनला, नाहीतर भर दुपारी
डांबर चपलेला धरून ठेवतं तेव्हा.
अंबुबाई गुंडेटी सांगते,
उंबऱ्यावर हंडा पालथा घातला की येतं.
पालथा म्हणजे तहानलेला. नळाला दिसतो म्हणे.

मी एकतीस वर्षं टॉवेलच्या कारखान्यात टाइमकीपर.
कोण किती वाजता आला, कोण आलाच नाही;
न आलेल्यांचा हिशेब ठेवायचा पगार मिळायचा मला.
म्हणून वही काढली, दोनशे पानी,
पट्टीने आखले चार रकाने.
हंडा होता, पाणी आलं.
हंडा होता, नाही आलं.
हंडा नव्हता, आलं.
हंडा नव्हता, नाही आलं.

एकशेचाळीस रात्री.
हंड्याच्या नव्वद, त्यांत एकोणीस.
बिनहंड्याच्या पन्नास, त्यांत दहा.
अंबुबाईपुढे बोट ठेवून वाचलं.
ती विड्या वळत होती,
पानात तंबाखू पेरून, दोरा गुंडाळून,
मान न उचलता म्हणाली,
"एकोणीस वेळा आलं की हो!"
आणि एकाहत्तर वेळा नाही आलं.
"त्या दिवशी हंडा वाकडा बसला असंल."

मला हसू आलं. मग राहिलं नाही.
न आलेलं कुणाच्या ध्यानात राहतं?
एकाहत्तर कोरड्या रात्री एकसारख्या,
पाठीला पाठ लावून झोपलेल्या.
आणि ती एक रात्र:
हंडा ठेवून हात पुसते न पुसते
तोच नळ खाकरला, हवा सुटली,
अख्खी गल्ली जागी, मोटारी लागल्या,
बारकी पोरं चड्डीवर पळाली,
आणि तिचा नवरा, तेव्हा होता तो,
पाइप धरून उभा, भिजलेला, ओरडत.
ती रात्र मी कुठल्या रकान्यात बसवू?

व्हॉल्व्हवाला शिवलिंग म्हेत्रे चौकात गाठला,
खांद्यावर त्याची पाच फुटी चावी.
म्हटलं, तूच सांग, पाणी कोण सोडतं?
"मी सोडतो की. वरनं आलं तर."
वरनं म्हणजे?
"टाकीतनं. टाकीत पंपावरनं. पंपाला लाइट असली तर."
आणि खड्ड्यात उतरायच्या आधी
चावी कपाळाला लावली.
हे कशाला रे?
लाजला. "एकदा नव्हती लावली मामा,
आटा घसरला. बोटच गेलं असतं."
आणि लावूनही किती वेळा घसरला,
ते मी विचारलं नाही.

उन्हाळा उतरणीला लागला
तशा बायका वहीलाच विचारू लागल्या.
"मामा, काय म्हणती वही? उद्या येतंय का?"
वही काही म्हणत नाही, झालेलं तेवढं लिहिते,
असं मी सांगायचो.
एकदा कंटाळून म्हटलं, येईल.
आलं.

दुसऱ्या दिवशी अंबुबाईनं
पुठ्ठ्यावर हळदीचं बोट लावलं.
मी ओल्या फडक्यानं पुसायला गेलो,
डाग पसरला.
खोटं कशाला सांगू, तेव्हापासून
गल्लीतून जाताना जरा ताठ चालतो मी.

काल तारीख चुकली.
पान फाडायला हात गेला आणि थांबला.
मागे एकदा पान फाडलं होतं,
तेव्हा आठ दिवस नळाला टिपूस नव्हता.
मला माहीत आहे, तेव्हा जलवाहिनी फुटली होती.
पेपरात आलं होतं, कात्रण वहीतच आहे.
तरी पान तसंच ठेवलं.
चुकीवर एक रेघ मारली, हलकी,
कुणाला लागू नये अशी.

आता दोन वाजून दहा मिनिटं.
समोर उंबऱ्यावर हंडा पालथा.
पेनाचं टोपण काढून बसलोय.
कुणीतरी खाकरलं.
नळ असेल,
नाहीतर पलीकडचा म्हातारा.